शटर पाडून पंख सांधत नाही

२०२५ च्या ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी मांसविक्रीची दुकानं बंद ठेवण्याचा आदेश काढला, आपल्या नाशिक जिल्ह्यात मालेगावानेही तोच कित्ता गिरवला, आणि त्या आठवड्यात जो उठेल तो कोंबडीवर बोलत होता. कोणी काय खावं हे महापालिकेने ठरवू नये, असं एका बाजूचं म्हणणं. एक दिवस नाही खाल्लं तर मरणार आहात का, असं दुसऱ्या बाजूचं. सिंहस्थ जवळ येईल तसा हाच वाद नाशकात रामकुंड, गोदाघाट, पावित्र्य यांची भर घालून पुन्हा रंगणार, हे सांगायला ज्योतिषी नको. अशा वादात मधेच कोणीतरी कोंबड्यांनी ठासून भरलेल्या गाडीचा व्हिडिओ टाकतं. लगेच ‘म्हणून सांगतो, शाकाहारी व्हा’ असा उपदेश येतो, त्यावर ‘मग घरातली झुरळंही मारू नका’ असं उत्तर जातं. गाडीतल्या पक्ष्याचा मोडलेला पंख दोघांनाही फक्त भांडणापुरता हवा असतो.

मी कोंबडी खातो. सोडायचा विचार नाही आणि इतरांनी सोडावी असा आग्रहही नाही. तरीही सिन्नर, निफाड, दिंडोरीकडच्या शेडमधून उचललेल्या पक्ष्याचे दुकानात पोचेपर्यंत जे हाल होतात ते मला मान्य नाहीत, आणि यात मला काही विसंगती वाटत नाही. खाणं हा एक प्रश्न आहे आणि वाहतूक हा दुसरा. दुसरा प्रश्न पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत थांबवून ठेवायचा म्हणजे तो कायमचा थांबवणं, कारण पहिल्यावर आपण अडीच हजार वर्षं वाद घालतोय. माझं म्हणणं असं की वाहतुकीतल्या इजा बऱ्याच अंशी टाळता येतात, त्या टाळण्याचा खर्च वाटतो तितका नाही, आणि त्याची जबाबदारी टेम्पोच्या ड्रायव्हरवर किंवा शेतकऱ्यावर न टाकता माल कधी, किती आणि कसा उचलायचा हे जो ठरवतो त्याच्यावर टाकली पाहिजे.

आधी होतं काय ते पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी लिफ्टिंग, म्हणजे शेडमधून पक्षी उचलून गाडीत भरणं, पाहिलेलं असतं. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेला पक्षी, पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास जातो. मांस भराभर चढतं, हाडं आणि सांधे त्या वेगाने तयार होत नाहीत; शेडमध्येही काही पक्षी दोन पावलं टाकून बसतात. लिफ्टिंगच्या आधी काही तास खाद्य काढून घेतात, म्हणजे गाडीत घाण कमी होते. मग, बहुतेक वेळा रात्री, व्यापाऱ्याची गाडी येते आणि पकडणारी पोरं शेडमध्ये उतरतात. पक्षी एका पायाला धरून उचलायचा, एका हातात चार-पाच झाले की वजनाच्या काट्याकडे धावायचं. उलटा लटकलेला पक्षी फडफडतो, सगळं वजन मांडीच्या एका खुब्यावर येतं आणि तो निखळतो. आत रक्तस्राव होतो, जो बाहेरून दिसत नाही. पक्ष्याला आपल्यासारखा छाती-पोट वेगळं करणारा पडदा नसतो, त्यामुळे उलटं धरलं की आतली आतडी-काळीज फुप्फुसांवर येऊन पडतात आणि श्वास घेणं अवघड होतं. नंतर जाळीचं, म्हणजे पक्षी भरायच्या क्रेटचं, तोंड. ते लहान, हात घाईचा, आणि पंख उघडा. पंख मोडण्याची वेळ ही. त्यावर पुढची जाळी आदळते, आणि बाहेर आलेलं एखादं डोकं किंवा बोट दोन जाळ्यांच्या मधे सापडतं. युरोपीय संघाच्या २००५ च्या वाहतूक नियमांत जनावराला पायाला धरून उचलायला मुळातच मनाई लिहिली आहे. तिकडेही ती सगळीकडे पाळली जात नाही, हे खरं. पण निदान चूक कशाला म्हणायचं हे तरी ठरलेलं आहे.

यानंतरचा भाग आपल्या भूगोलाचा आहे. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या घरात असतं, आणि उष्णता बाहेर टाकायचा तिचा मुख्य मार्ग म्हणजे चोच उघडून धापा टाकणं, म्हणजे ओलावा हवेत सोडणं. हवा कोरडी असेल तर हे जमतं. नाशिकच्या पठारावर ते बऱ्यापैकी जमतं. गाडी कसारा घाट उतरली की ती शहापूर-भिवंडीच्या दमट हवेत शिरते, आणि तिथे कितीही धापा टाकल्या तरी ओलावा हवेत जात नाही. गाडी चालू असेपर्यंत कडेच्या जाळ्यांना वारा लागतो. ती थांबली, की मधल्या रांगांतले पक्षी एकमेकांच्या उष्णतेत आणि वाफेत शिजायला लागतात. मुंबई-आग्रा महामार्गावर गाडी कुठे आणि किती वेळ थांबते हे नाशिककरांना सांगायची गरज नाही. खड्ड्यांवर आपण इतकी आंदोलनं केली, त्यात या प्रवाशांचा उल्लेख कुणाच्या निवेदनात असल्याचं ऐकिवात नाही. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, त्याने घाटातली रखडपट्टी टाळता येते. पण टोल कोणी भरायचा, हा प्रश्न पक्ष्याच्या बाजूने विचारणारा कोणी नाही.

आणि ब्रॉयलरचं तरी एकवेळ बरं, असं म्हणायची पाळी येते ती अंडी देऊन संपलेल्या लेअर कोंबडीकडे पाहून. सव्वा-दीड वर्षं जवळपास रोज अंडं घालताना कवचासाठी लागणारं कॅल्शियम तिच्या हाडांतूनही गेलेलं असतं. पिंजऱ्यात हालचाल नाही, त्यामुळे हाडं काडीसारखी ठिसूळ. ती पिंजऱ्यातून खेचून काढतानाच मोडतात. ब्रिटनमध्ये १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कत्तलखान्यात पोचलेल्या पिंजऱ्यातल्या कोंबड्यांपैकी २९ टक्क्यांचं एक तरी हाड मोडलेलं सापडलं होतं. तिथे निदान मोजलं तरी. आपल्याकडे या म्हाताऱ्या कोंबडीला भाव सगळ्यात कमी, म्हणून तिच्या गाडीत दाटी सगळ्यात जास्त, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत प्रवासही लांबचा.

आता विरोधी बाजूचे मुद्दे. त्यातला सगळ्यात जोरकस हा: शेवटी मान कापायचीच आहे, मग सहा तास आधीच्या हालांचा एवढा बाऊ कशाला? खरं सांगायचं तर या मुद्द्याला शाकाहाराचे प्रचारक आणि अट्टल मांसाहारी दोघेही सारखेच चिकटलेले असतात. एक म्हणतो, मारणं हाच गुन्हा, बाकी सगळी सारवासारव. दुसरा म्हणतो, मारणं मान्य तर सगळं मान्य. पण मांस खाणाऱ्या कुठल्या समाजाने कधी असं मानलं आहे? मुसलमान खाटकाला शिकवण असते की सुरी धारदार हवी, ती जनावराच्या नजरेआड परजावी, त्याला पाणी पाजावं, एका जनावरासमोर दुसरं कापू नये. आपल्या जत्रेतला बोकडसुद्धा पाणी शिंपडून, हळद-कुंकू लावून पुढे आणतात. लाथा घालत आणला तर गावातली म्हातारी माणसं बोल लावतात. अशोकाचं उदाहरण तर फार बोलकं आहे. पहिल्या शिलालेखात तो सांगतो की आपल्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो जीव मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच, तेही पुढे बंद होतील. म्हणजे त्याला मांसाहार एका फटक्यात बंद करणं जमलं नव्हतं, आणि ते त्याने लपवलंही नाही. पण पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची लांबलचक यादी देतो, तिच्यात घरची कोंबडी नाही. त्याच लेखात पुढे मात्र कोंबड्याला खच्ची करू नये अशी आज्ञा आहे. मारणं आणि छळणं यांतला फरक बावीसशे वर्षांपूर्वी एका राजाला दगडावर कोरावासा वाटला. फाशीच्या कैद्याला आदल्या रात्री मारहाण करायची मुभा आपण तुरुंगाला देतो का? शेवट ठरलेला आहे, म्हणून मधला वेळ कुणाचाच नाही, हा नियम आपण दुसरीकडे कुठेच लावत नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. डाळीचे भाव चढले की अनेक घरांत आठवड्यातून एकदा चिकन हाच प्रथिनांचा परवडणारा मार्ग उरतो. दयेचं बिल गरिबाच्या ताटावर फाडायचं का, हा सवाल रास्त आहे. पण हिशेब करून पाहू. समजा एका जाळीत १० पक्षी बसवल्यावर भाडं पक्ष्यामागे ३ रुपये पडतं. त्याच जाळीत ८ बसवले तर ते पावणेचार होईल. दोन किलोच्या पक्ष्यावर ७५ पैसे. भाडं याच्या दुप्पट धरा, तरी वाढ दीड रुपयाची. याच पक्ष्याचा भाव लग्नसराईत, श्रावणात, गटारीला कितीने वर-खाली होतो ते कुठल्याही चिकनवाल्याला विचारा. शिवाय हालांचा खर्च आजही आपणच भरतोय. वाटेतली मर आणि वजनातली घट व्यापारी आधीच भावात धरून चालतो. ती धरलेली असते म्हणूनच ती कमी करायची त्याला घाई नसते.

इथे खरी गोम आहे. जिथे पक्षी प्रक्रिया करून विकला जातो तिथे निळं-काळं पडलेलं मांस कारखान्यात वेगळं काढावं लागतं, त्याचे पैसे बुडतात, आणि मग कंपनी पकडणाऱ्या टोळीला जाब विचारते. आपल्याकडे पक्षी जिवंत विकला जातो, शेडवर आणि दुकानात वजन जिवंत पक्ष्याचं होतं. मोडलेल्या पंखाचं वजन धड पंखाएवढंच भरतं. रक्त साकळलेलं दिसतं ते कातडी सोलल्यावर, खाटकाच्या ओट्यावर, आणि तोवर पैसे चुकते झालेले असतात. आपण नाशिककर अतिक्रूर आहोत आणि युरोपातले लोक कनवाळू, असा निष्कर्ष यातून काढायचं कारण नाही. आपल्या बाजारात इजेला किंमत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो मला सगळ्यात जास्त पटतो. प्राण्यांच्या दयेच्या नावावर रस्त्यात गाड्या अडवणाऱ्या टोळक्यांनी या राज्यात काय केलं ते आपण पाहिलं आहे. २०२५ साली कुरेशी समाजाने त्या जाचाला कंटाळून जनावरांची खरेदीच बंद ठेवली, आणि भाकड जनावर दावणीला बांधून बसायची वेळ शेतकऱ्यावर आली. उद्या कोंबडीच्या गाडीलाही हाच अनुभव यावा का? मुळीच नाही. म्हणूनच महामार्गावर तपासणी नको, असं मी म्हणतो. पण आजचा कायदा नेमका रस्त्यावरच्या माणसाच्या मागे लागेल असाच लिहिलेला आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव ‘प्राणी’ ठरतो, म्हणजे कोंबडीही आली. आणि वेदना होतील अशी वाहतूक करणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. आज त्यात एक प्लेट मिसळ येत नाही. दुसरीकडे १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत २००१ साली कोंबड्यांचं वेगळं प्रकरण घातलं, त्यातली अट अशी की तापमान २५ अंशांच्या वर किंवा १५ अंशांच्या खाली असताना कोंबड्या हलवायच्याच नाहीत. हा नियम लिहिणाऱ्याने निफाड पाहिलेलं नसावं. जानेवारीत निफाडचा पारा रात्री एक आकडी होतो आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत छापून येतो. म्हणजे हिवाळ्यात रात्री न्यायचं नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी न्यायचं नाही हे तर ठीकच, पण तेव्हा रात्रीचा पाराही उशिरापर्यंत पंचविशीखाली उतरत नाही, आणि घाटाखाली तर उतरतच नाही. मग गाडी काढायची कधी? जो नियम पाळणं अशक्य आहे तो मोडल्याबद्दल कोणालाही, कधीही अडवता येतं. चिरीमिरी घेणाऱ्याला याहून सोयीचं काय हवं?

नियम असाच व्हावा लागतो असं नाही. १९६५ च्या ओझ्याच्या जनावरांच्या नियमांत असं म्हटलं आहे की ज्या भागात पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जनावर जुंपू नये. हा नियम गाडीवानाला कळतो, शिपायालाही कळतो, आणि बैलाला सावली मिळते. कोंबडीसाठी असा नियम लिहायला कुणाला वेळ झाला नाही. बैलगाडा शर्यतींवर आपण एक तप कोर्टात भांडलो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नागराजा निकालापासून २०२३ च्या घटनापीठापर्यंत बैलाच्या वेदनेवर पानंच्या पानं लिहिली गेली. बैलाच्या दोन्ही बाजूंना मतदार होते. कोंबडीच्या कुठल्याच बाजूला नाहीत.

शेतकऱ्याचं काय? करारावर पक्षी पाळणाऱ्याकडे शेड त्याची, वीज त्याची, राबणं त्याच्या घरच्यांचं. पिल्लू, खाद्य आणि औषध करार करणाऱ्या कंपनीचं. त्याला किलोमागे पाळण्याचे पैसे मिळतात. गाडी कधी येणार हेही त्याला सुपरवायझरचा फोन सांगतो, आणि ती उशिरा आली तर उपाशी ठेवलेले पक्षी पाहत तोच बसतो. त्याच्यावर वाहतुकीचा बोजा टाकणं अन्याय आहे. पकडणाऱ्या पोरांचंही तसंच. त्यांना नगावर किंवा गाडीवर पैसे मिळतात, अमोनियाने डोळे चुरचुरत असताना रात्रभर वाकून काम असतं, आणि एक गाडी भरली की दुसरी उभी असते. वेगाचे पैसे देऊन हळुवारपणा मागायचा, हा चावटपणा झाला. इथे हमालांची आठवण काढणं भाग आहे. महाराष्ट्रातल्या बाजार समित्यांत एकेकाळी शंभर किलोचं पोतं पाठीवर घ्यावं लागे. बाबा आढावांची हमाल पंचायत ते पन्नासवर आणायला झगडली, तेव्हा व्यापारी म्हणाले होतेच की धंदा बसेल. धंदा बसला नाही. पाठ वाकण्याचं कारण हमालाचा स्वभाव नव्हता, पोत्याचा आकार होता. तो बदलल्यावर पाठ वाचली. जाळीचं तोंड मोठं केलं, पकडताना निळा मंद दिवा लावला (त्या उजेडात पक्षी शांत बसतो), आणि टोळीला धड पक्ष्यामागे जादा पैसे दिले, तर तीच पोरं वेगळं काम करतील. माणसं सुधारायची वाट पाहायची गरज नाही.

राहिला नेहमीचा हुकमी एक्का: ‘आपल्याकडे हे शक्य नाही.’ हे नाशिकमध्ये बसून कोणी म्हणावं याची मला गंमत वाटते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या फवारणीच्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली होती. बागायतदारांचे कोट्यवधी बुडाले, आणि तेव्हाही लोक म्हणाले, की एवढ्या लहान लहान बागांत कोण कोण काय फवारतं हे कोण तपासणार? आज निर्यातीच्या बागेची नोंद असते, अंश तपासणीचा अहवाल असल्याशिवाय कंटेनर हलत नाही, आणि घडावरची लव पुसली जाऊ नये म्हणून मजूर बाई तो देठाला धरून उचलते. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटो दबू नये म्हणून वीस किलोच्या क्रेटमध्ये येतो. जो जिल्हा द्राक्षाच्या लवेची काळजी घ्यायला शिकला, त्याला पंखाची काळजी घेता येत नाही हे मी कसं मानू? फरक एवढाच, की द्राक्षाच्या वेळी पलीकडचा खरेदीदार माल परत पाठवत होता.

म्हणून मागणी करायची ती खरेदीच्या जागी. दुकान बंद ठेवून एकही पक्षी कमी मोडत नाही. झालंच तर सुटीच्या दुसऱ्या दिवशी मागणी उसळते आणि गाड्या जास्त ठासून भरल्या जातात. उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ गाडी भरायची नाही, जाळ्यांच्या मधे हवेला एक रांग मोकळी सोडायची, थांबावंच लागलं तर सावलीत, आणि भरण्याआधीच पाय मोडलेला पक्षी गाडीत न घालता शेडवरच झटपट कापायचा: एवढं केलं तरी मर खाली येईल. पण हे झालं की नाही ते कळायला आकडा हवा. लिफ्टिंगच्या चिठ्ठीवर आज पक्ष्यांची संख्या असते, एकूण वजन असतं, भाव असतो, गाडीचा नंबर असतो. तिच्यात माल उतरवतानाचे दोन रकाने वाढवावेत, वाटेत मेलेले किती आणि मोडलेले किती. आणि ते ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले तर तेवढी रक्कम व्यापाऱ्याच्या देण्यात चढावी, शेतकऱ्याच्या नावावर नाही. यासाठी संसदेत जावं लागत नाही, पोलिसाला रस्त्यावर उभं करावं लागत नाही. कंपनीच्या विक्री करारात एक कलम लागतं. पिल्लू कंपनीचं, पक्षी कंपनीचा, भाव रोज सकाळी कंपनी सांगते. ते कलम घालायलाही दुसरं कोणी येणार नाही.